फ्लशनंतरची थंडी

बुधवार, ४ डिसेंबर

कंपनीत होतो तेव्हा दर तासाला बॉयलरचं लॉगबुक भरायचो. प्रेशर किती, पाणी किती, काय बिघडलं, काय केलं. रिटायर झालो आणि हाताला काही काम उरलं नाही. विनिता म्हणते, आता मलाच बॉयलर समजा आणि लिहा. थट्टेत म्हणाली, पण मी खरंच अंबरनाथ स्टेशनाबाहेरून वही आणली.

तर पहिल्यापासून. जुलैत विनिताच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर पंधरवड्याला केमो. हाताच्या शिरा लवकरच रुसल्या, काळ्या पडल्या, सुई दिसली की आत पळायच्या. म्हणून तिच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पोर्ट बसवलाय. नाण्याएवढी डबी, तिला बारीक नळी, आणि ती नळी आतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. वरून नुसतं टेंगूळ दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हा तर इनलेट व्हॉल्व्ह. सरस्वती सिस्टर हसल्या. कॅम्प पाचातल्या केमोच्या डे-केअरला त्याच आमचं सगळं बघतात.

आज सुई टोचली तर रक्त मागे येईना. सलाईन आत जात होतं, पण सिरिंज मागे ओढली की कोरडी. मी म्हटलं, लहान सिरिंज घ्या, जोर लावा, चोकअप सुटेल. सिस्टर म्हणाल्या, काका, लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, आतली नळी फाटली तर तुकडा कुठे जाईल? मग त्यांनी विनिताला हात वर करायला लावला, मान वळवायला लावली, खोकायला लावलं. खोकल्याबरोबर रक्त आलं. मी आख्ख्या नोकरीत बॉयलरला कधी खोकायला लावलं नव्हतं. हे बोलल्यावर विनिता एवढी हसली की सिस्टरनी तिला गप्प बसवलं.

केमोची बाटली कमरेच्या पिशवीत घालून घरी आलो. सुई पोर्टमध्येच आहे, वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. परवा जाऊन सुई काढायची आणि पोर्ट फ्लश करायचा, म्हणजे सलाईनने धुवायचा. सिस्टर दर वेळी तेच सांगतात: पट्टी भिजू द्यायची नाही, सुटली तर हात लावायचा नाही, ताप आला किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी फोन करायचा. मला पाठ झालंय.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. विनिताने लग्नापासून एकही गुरुवार सोडलेला नाही, आणि डोक्यावरून न्हाल्याशिवाय ती घट मांडत नाही. मी म्हटलं, अंग पुसून घे, देवी काही रागावणार नाही. तर म्हणाली, या वर्षी तर मला तिच्याकडे मागायचंय, आणि याच वर्षी पारोशी बसू? प्लास्टिकची पिशवी गळ्याशी गुंडाळून दिली.

पाणी जायचं तिथे गेलंच. पट्टीची खालची कड सुटली, सुईपर्यंत ओल आली. ती घाबरली. माझं निम्मं आयुष्य गळती थांबवण्यात गेलंय. धुतलेल्या रुमालाने सगळं टिपून घेतलं, पंख्याखाली वाळवलं, आणि कडेवर फर्स्ट एडच्या डब्यातली चिकटपट्टी दाबून बसवली. थेंब आत जाणार नाही अशी बसवली. सिस्टरना फोन करावा का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला काय फोन करायचा.

घट सुंदर मांडला होता. महिनाभर घरात मासळी बंद. माझ्या जेवणाचं कोणालाच काही वाटत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सिस्टर ओरडतील म्हणून निघायच्या आधी माझी पट्टी हळूच काढून टाकली. त्यांना काही कळलं नाही. सुई निघाली, फ्लश झाला, घरी आलो. सगळं ठीक.

शुक्रवार, १३ डिसेंबर

चांगला दिवस. विनिताने स्वतः भात लावला, वालाचं बिरडं केलं आणि पोटभर जेवली. संध्याकाळी किर्ती ठाण्याच्या ऑफिसातून आली, तर दोघी मायलेकी गॅलरीत बसून माझी नक्कल करत होत्या. मी पोर्टकडे बघून मान हलवतो ती नक्कल. किर्तीची नोकरी नवी आहे. आईच्या ऑपरेशनाला तिने एवढ्या सुट्ट्या घेतल्या की आता साहेब तोंड वाकडं करतो. विनिताला तेच लागून राहिलंय. माझ्यामुळे पोरीची नोकरी जायला नको, असं सारखं म्हणते.

शुक्रवार, २० डिसेंबर

सुई काढून, फ्लश करून रिक्षात बसलो. फॉरवर्ड लाइनच्या चौकात येईपर्यंत विनिताला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. रिक्षावाला सिंधी म्हातारा, त्याने स्वतःची शाल काढून दिली, म्हणाला, मौसम खराब है. घरी येऊन दोन गोधड्या घातल्या, आल्याचा चहा दिला. थोड्या वेळाने थंडी गेली, घाम आला, झोपली. संध्याकाळी थर्मामीटर लावला तर ताप नाही. किर्ती यायच्या आत उठून बसलीसुद्धा.

डे-केअरमधला एसी फार गार असतो. पुढच्या वेळी स्वेटर न्यायचा.

शनिवार, २१ डिसेंबर

रात्रभर विचार केला. एसी तर पहिल्यापासून होता, मग थंडी आत्ताच का? आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॉयलरच्या तळाशी गाळ साठतो. तो काढायला खालचा व्हॉल्व्ह उघडून ब्लोडाऊन करावा लागतो. पहिल्यांदा काळं घाणेरडं पाणी येतं, बॉयलर थरथरतो, नवीन पोरं घाबरतात. मग पाणी स्वच्छ होतं. इथेही तेच. त्या दिवशी रक्त येत नव्हतं, म्हणजे नळीत काहीतरी बसलेलं होतं. आता फ्लशच्या दाबाने ते सुटतंय, रक्तात जातंय, शरीर ते जाळून टाकतंय. म्हणून थंडी, म्हणून घाम, आणि मग सगळं ठीक.

विनिताला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं. म्हणाली, तुम्हाला कळतं यातलं. तिचा चेहरा एकदम निवळला. बऱ्याच दिवसांनी मी तिच्या काही उपयोगी पडलो.

शुक्रवार, ३ जानेवारी

आजही फ्लशनंतर थंडी वाजली. मागच्यापेक्षा जास्त, पण गेलीही. संध्याकाळी ताप नाही. दुपारी थोडा होता, पण मावळतीला उतरला. सिस्टर सांगतात तो ताप म्हणजे येऊन राहणारा ताप. हा तर येतो आणि जातो.

तरी मी फोन हातात घेतला होता. विनिताने माझा हात धरला. तिने मनातलं सांगितलं ते असं. डे-केअरला तिच्या शेजारच्या खुर्चीवर कॅम्प दोनची एक सिंधी बाई यायची, साड्यांचं दुकान होतं तिचं. तिलाही अशीच थंडी वाजायची. तिने सांगितलं, तर डॉक्टरांनी पोर्टच काढून टाकला. त्यानंतर ती कधी दिसली नाही.

विनिता म्हणाली, "अहो, पोर्ट काढला तर मला औषध कुठून देणार? हाताच्या शिरा तर संपल्या. चारच डोस राहिलेत आता. तेवढे होऊ द्या."

मी म्हटलं, बरं. आणि म्हटलं, घाबरू नकोस, साफ होतंय. तिने मान हलवली. किर्तीला सांगायचं नाही असं ठरलं. ती ऐकेल आणि सुट्टी टाकून बसेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बदलापूर गावातून माझी मोठी बहीण गोदूबाई तिळाचे लाडू घेऊन आली. विनिताच्या हातावर लाडू ठेवला आणि तिचा हात सोडेचना. मला आत बोलावून म्हणाली, "धर्मा, तिचं आंग कडकडीत लागतं रं. डोलं बघ कसं झालेत. डाक्टरला दाखव."

मी तिला ब्लोडाऊन समजावलं. ती म्हणाली, मला यंत्रातलं कळत नाही, बाईमाणसाचं अंग कळतं. मला रागच आला. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा तिने असंच सगळ्यांना घाबरवलं होतं. मी म्हटलं, उद्याच डे-केअरला जायचंय, तिथे डॉक्टर असतातच.

पोर्टवरची कातडी थोडी लाल आहे. ब्लाउजची शिवण घासत असेल. सैल ब्लाउज घाल म्हटलं.

बुधवार, १५ जानेवारी

केमो झाली. सिस्टरनी लाल कातडी पाहिली, थांबल्या, विचारलं, काका, मधे ताप, थंडी काही? विनिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, ब्लाउज घासलाय. डॉक्टरांनी येऊन बोटाने दाबून पाहिलं, दुखतंय का विचारलं. विनिता नाही म्हणाली. रक्ताचा रिपोर्ट ठीक होता. लक्ष ठेवा म्हणाले.

आता तीनच डोस राहिले.

शुक्रवार, १७ जानेवारी

हे पुढे नीट आठवणार नाही म्हणून आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय.

दुपारी फ्लश झाला. रिक्षातच सुरू झालं. आजची थंडी निराळी होती. तिला धरून ठेवलं तर मीच तिच्याबरोबर हलत होतो. जिना चढवेना, शेजारच्या रघुने आणि मी उचलून वर नेलं. गोधड्या घातल्या. मी वाट पाहत बसलो. घाम येईल, मग झोपेल, मग बरी होईल. घाम आला, पण ती झोपली नाही. पाणी मागितलं आणि भांडं हातात घेऊन त्याचं काय करायचं तेच तिला कळेना. मला म्हणाली, भाऊ, माझे मिस्टर कंपनीतून आले का?

मी तेव्हाही बसून राहिलो. थंडी गेली होती ना, म्हणून.

किर्ती ऑफिसातून आली, आईच्या कपाळाला हात लावला आणि चपलासुद्धा न काढता खाली पळाली. तिनेच रिक्षा आणली, तिनेच सिस्टरना फोन केला, तिनेच या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. मी फक्त बरोबर होतो.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी विनिता शुद्धीवर होती. डॉक्टर विनिताच्या बाजूला उभे राहून विचारत होते, थंडी पहिल्यांदा कधी वाजली? बरोबर कोण होतं? किर्ती माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार एवढ्यात विनिता बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"मीच लपवलं. ह्यांना काही माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. किर्तीने डोळे मिटले. मी गप्प उभा राहिलो. विनिताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, छताकडे बघत होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समजावलं. पोर्टच्या आत जंतू घर करून बसले होते. फ्लश केला की ते एकदम रक्तात जायचे, म्हणून अर्ध्या-एक तासात थंडी. मग ते तात्पुरते विरायचे आणि माणूस बरा वाटायचा. आत पोर्टमध्ये वाढतच होते. केमोने अंगातली ताकद कमी झालेली. आता ते सगळ्या रक्तात पसरलेत.

किर्तीने विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "पहिल्या थंडीला आला असतात तर रक्त तपासून औषध दिलं असतं. नाहीच जमलं तर हा पोर्ट काढून दुसऱ्या बाजूला नवा बसवला असता. केमो थोडी पुढे गेली असती, एवढंच."

म्हणजे मी ज्याला साफ होणं म्हणत होतो, ते हे होतं.

रविवार, १९ जानेवारी

पोर्ट काढला. किडनी काम करत नाहीये. श्वासाची नळी घातली आहे.

सरस्वती सिस्टर त्यांची सुट्टी असून विठ्ठलवाडीहून भेटायला आल्या. मी त्यांना त्या सिंधी बाईचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या ना, त्यांची सगळी केमो पूर्ण झाली. नवा पोर्ट डाव्या बाजूला बसवला होता. दिवस बदलून घेतला म्हणून तुम्हाला दिसल्या नसतील. मागच्या महिन्यात पेढे देऊन गेल्या.

मी बराच वेळ संडासात जाऊन बसलो होतो. रघु शोधत आला.

मंगळवार, २१ जानेवारी

आत एकच माणूस, तोही थोडा वेळ. आज मी गेलो. तिचे पाय सुजलेत. जोडवी कापून काढावी लागली, ती कागदात बांधून माझ्याकडे दिली. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. पट्टीचं, ब्लोडाऊनचं, मला काहीच कळत नव्हतं ते. ऐकू गेलं असेल का माहीत नाही. तिथली सिस्टर म्हणाली, बोलत राहा, ऐकू येतं त्यांना. मग मी दुसरंच बोलायला लागलो. किर्तीची नोकरी पक्की होणार आहे, असं सांगितलं. अजून तसं काही नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

विनिता गेली. पहाटे.

अग्नी किर्तीने दिला. भावकीत थोडी कुजबुज झाली, पण गोदूबाईने एकदाच मागे वळून पाहिलं आणि सगळे गप्प झाले.

रविवार, २ फेब्रुवारी

दहावा झाला. सगळे मला येऊन भेटत होते. धर्मराजने तिचं केलं तेवढं कोणी करत नाही, असं म्हणत होते. डे-केअरला उपाशीतापाशी बसून असायचा, म्हणत होते. बाईनेच दुखणं अंगावर काढलं, त्याला तरी काय कळणार. मी प्रत्येकाला हात जोडत होतो.

किर्ती रडलेली नाही. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही, आज नाही. गोदूबाईला काळजी वाटते. मला वाटलं, पोर घट्ट मनाची आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज कळलं. विनिताचं कपाट आवरायला गोदूबाई आली होती. किर्तीला म्हणाली, आईची एखादी साडी ठेव तुला. किर्ती म्हणाली, नको. कशी नको? तर म्हणाली, "आत्या, तिने आम्हाला फसवलं. माझ्या तोंडावर हसत होती आणि आत मरत होती. तिला माझ्यावर भरवसा नव्हता. मला नको तिचं काही."

गोदूबाई माझ्याकडे बघत राहिली. ती संक्रांतीला इथे होती. मी तिला काय समजावलं होतं ते तिला सगळं ठाऊक आहे. पण ती एक शब्द बोलली नाही, साड्यांची घडी घालत बसली. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी आतल्या खोलीत येऊन बसलो. विनिताने मला वाचवलं ते मला लोकांनी बोल लावू नये म्हणून. पण पोरगी आईला शिव्या देईल, हे तिच्या मनात आलं नसणार. तापात एवढा पुढचा विचार कोण करतं?

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी किर्तीला समोर बसवलं आणि सांगितलं. गुरुवारच्या न्हाण्यापासून सुरुवात केली. रुमालाने टिपलं ते, चिकटपट्टी लावली ते, ती काढून सिस्टरपासून लपवली ते. रिक्षातली पहिली थंडी, दुसरी थंडी. फोन हातात घेऊन खाली ठेवला ते. सिस्टरनी तोंडावर विचारलं तेव्हा नाही कोण म्हणालं ते. तिच्या आईला सिस्टरना फोन करायचा होता आणि मी नको म्हटलं, हेही सांगितलं. पोर्ट काढतील म्हणून ती घाबरली होती, तेही सांगितलं, पण म्हटलं, ती घाबरली होती तेव्हा तिला धीर द्यायच्या ऐवजी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ते माझं काम होतं.

शेवटी किर्तीने एकच विचारलं.

"पप्पा, मम्मीला खरंच वाटत होतं की साफ होतंय?"

"हो. मी सांगितलं म्हणून."

ती उठली, आत गेली आणि गोदूबाईने बाजूला काढून ठेवलेल्या साड्यांपैकी एक पोटाशी धरून रडायला लागली. मम्मी मम्मी म्हणून, लहान असताना रडायची तशी. मी दाराशी उभा राहिलो. आत जायचा माझा धीर झाला नाही, आणि तिने बोलावलंही नाही.

दुपारी तिने माझं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळीही तसंच. आता किती दिवस असं चालेल माहीत नाही. कदाचित चालतच राहील. रागवायचं असेल तर माझ्यावर रागावू दे. मी घरात आहे, मला ते ऐकून घेता येईल. विनिताला आता येणार नाही.